सूर्य आकाशगंगेचाच आहे

‘कास पठारावरून आकाशगंगेचा पट्टा तिरका दिसतो, म्हणजे आपला सूर्य धनू बटू दीर्घिकेतून आलाय,’ असा मेसेज साताऱ्यातल्या ग्रुपवर फिरतोय. (धनू बटू ही आकाशगंगेभोवती फिरणारी एक छोटी दीर्घिका.) हे साफ चूक आहे. ग्रहांच्या कक्षांचं प्रतल आकाशगंगेच्या तबकडीशी सुमारे ६० अंशांनी कललेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ताऱ्याचं मूळ ठरतं ते त्याची गती आणि घटकांवरून. १९९४ मध्ये सापडलेली धनू बटू दीर्घिका आकाशगंगेच्या ओढीने विस्कटतेय. तिच्या ताऱ्यांचे ओघ तबकडीला जवळपास काटकोनात फिरतात. सूर्य तबकडीतच, सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने, जवळजवळ वर्तुळाकार फिरतो. शिवाय तिच्या धातुसमृद्ध ताऱ्यांत लोहाच्या मानाने मॅग्नेशियम कमी. सूर्याचं प्रमाण मात्र तबकडीतल्या शेजाऱ्यांशी जुळतं. मुलं असे मेसेज खरे मानतात, म्हणून कळकळीने सांगतो: मेसेज पुढे पाठवू नका.