गेटपाशी आल्यावर सांगता होय!

दर मार्चमध्ये आमच्या रेसवेड्या मंडळींत कुणीतरी कोरोनापायी रद्द झालेल्या २०२०च्या मेलबर्न फॉर्म्युला वन शर्यतीचा विषय उकरून काढतं, आणि दर वेळी एखादा शहाणा ऐकवतोच, "शेवटी रद्द केली ना शर्यत? मग अजून कशाला बोंबलताय?"

अरे बाबा, रद्द केली म्हणून कोण बोंबलतंय? करायलाच हवी होती. माझं डोकं फिरतं ते कधी केली आणि कशी केली यावर.

१३ मार्च २०२०, शुक्रवार. मेलबर्नचं अल्बर्ट पार्क, फॉर्म्युला वनच्या नव्या मोसमाची पहिलीच शर्यत. सकाळपासून गेटबाहेर ही गर्दी! संघांच्या टोप्या, झेंडे, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं. गेट उघडायची वेळ झाली, गेट काही उघडेना. आत घेणार का? माहीत नाही. परत जायचं का? माहीत नाही. दुपारी बाराला पहिला सराव होता. म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेसहा, माझ्यासारखे येडे गजर लावून झोपलेले. आणि शर्यत रद्द झाल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं ते सरावाला जेमतेम दोन तास उरले असताना. गर्दी होऊ नये म्हणून रद्द केलेल्या कार्यक्रमासाठी आधी गर्दी जमवून दाखवली. मांडव पडलाय, वऱ्हाड दारात आलंय आणि आतून निरोप येतो, लग्न मोडलं! तेही नवरा-नवरी दोघांकडच्यांना आठवडाभर आधीपासून ठाऊक असताना.

हो, ठाऊक होतं. "परिस्थिती झपाट्यानं बदलत होती" हे तुणतुणं मला कुणी वाजवून दाखवू नका. फॉर्म्युला वनवाल्यांनो, शांघायची एप्रिलमधली शर्यत तुम्हीच १२ फेब्रुवारीला पुढे ढकललीत ना? म्हणजे मेलबर्नच्या महिनाभर आधी विषाणू तुमच्या कॅलेंडरपर्यंत पोचला होता. मार्च उजाडताना मोटोजीपीनं, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक मालिकेनं, कतारची मुख्य शर्यत आठवडाभर आधी रद्द केली, कारण इटलीहून येणाऱ्यांवर तिथे निर्बंध आले. मोटो-टू आणि मोटो-थ्री या खालच्या गटांची पोरं चाचण्यांसाठी आधीच कतारमध्ये होती, म्हणून त्यांच्या तेवढ्या शर्यती झाल्या. मग ८ मार्चला इटलीनं लोम्बार्डी आणि आसपासचे बरेच जिल्हे बंद केले. त्यात मोडेनाही होतं. मोडेना म्हणजे कुणाचं गाव? फेरारीचं मारानेल्लो त्याच जिल्ह्यात! घरचा जिल्हा टाळेबंद आणि संघ मात्र मेलबर्नच्या विमानात. त्याच ८ तारखेला बहारीननं सांगून टाकलं की आमची २२ मार्चची शर्यत प्रेक्षकांविना होईल. म्हणजे पुढच्या शर्यतीला प्रेक्षक धोकादायक आणि त्याच्या आधीच्या शर्यतीला चालतील? हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

आणि मेलबर्न शहरातच काय चाललं होतं? त्याच ८ तारखेला एमसीजीवर महिला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. ८६ हजार १७४ प्रेक्षक. आपण सगळ्यांनी पाहिलाय तो. आपल्या सांगलीची स्मृती मानधना खेळत होती, आणि आपण ८५ धावांनी हरलो ते दुःख वेगळंच. गुरुवारी, १२ मार्चला, जाहीर झालं की त्या सामन्याला आलेल्या एका प्रेक्षकाला कोरोना झाल्याचं आढळलंय. त्याच दिवशी काही किलोमीटरवर अल्बर्ट पार्कचे दरवाजे सताड उघडे होते. लोक आत होते, इतर गटांच्या गाड्या ट्रॅकवर पळत होत्या. आदल्याच दिवशी, ११ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेनं ही महासाथ असल्याचं जाहीर केलं होतं. अमेरिकेत एका खेळाडूची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि एनबीए या तिथल्या बास्केटबॉल लीगनं सगळा मोसमच थांबवला होता. इथे? इथे ड्रायव्हरांच्या सह्या घेण्याच्या कार्यक्रमावर निर्बंध घालून झाले की आपण सुरक्षित!

एकच माणूस तोंड उघडून बोलला. लुईस हॅमिल्टन. गुरुवारच्या पत्रकार परिषदेत त्यानं सरळ सांगितलं की आपण सगळे या खोलीत बसलोय याचाच मला धक्का बसलाय. मग ही शर्यत होतेच कशी, असं विचारल्यावर तीन शब्द: "कॅश इज किंग." तोवर सहा वेळा जगज्जेता झालेला, त्याच सर्कशीतून कोट्यवधी कमावणारा माणूस हे म्हणतोय. (हो, तोही आलाच होता विमानात बसून, हे मलाही कळतं. पण निदान बोलला तरी.)

त्या रात्री मॅक्लारेन संघाच्या एका कर्मचाऱ्याची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि संघानं माघार घेतली. संपलं ना इथेच? एकाच पॅडॉकमध्ये, म्हणजे गॅरेजमागच्या आवारात, सगळे वावरतात, एकाच विमानांतून येतात. पण नाही. रात्रभर बैठका! फॉर्म्युला वन, एफआयए (मोटरस्पोर्टची जागतिक नियामक संस्था), संघ, सगळे बसले, आणि एकमत होईना. चेस केरी, म्हणजे फॉर्म्युला वनचे तेव्हाचे प्रमुख, त्या वेळी व्हिएतनामहून मेलबर्नच्या वाटेवर विमानात. सकाळी मर्सिडीज संघानं शर्यत रद्द करा असं पत्र धाडलं. व्हिक्टोरिया राज्याचे तेव्हाचे प्रीमियर (आपल्याकडचे मुख्यमंत्री) डॅनिएल अँड्र्यूज म्हणाले, शर्यत झालीच तर प्रेक्षकांना प्रवेश नाही. मग कुठे, सगळ्या बाजूंनी कोंडी झाल्यावर, शर्यत रद्द झाल्याचं ते सुप्रसिद्ध संयुक्त निवेदन. नंतर केरींना हॅमिल्टनच्या त्या तीन शब्दांबद्दल विचारलं तर उत्तर काय, तर पैसाच राजा असता तर आज आम्ही हा निर्णय घेतला नसता! वा! गेटबाहेर उन्हात ताटकळलेल्यांना हे ऐकवून बघायचं होतंत.

आता यातली खरी गोम. ही शर्यत भरवण्यासाठी स्थानिक आयोजक फॉर्म्युला वनला घसघशीत फी मोजतात, आणि मेलबर्नमध्ये तो खर्च भागवायला राज्य सरकारच्या तिजोरीतून पैसा येतो. करार गुप्त असतात, पण व्यवहाराची रीत कुणालाही कळेल: जो आधी 'नाही' म्हणेल, नुकसानीचं खापर त्याच्या डोक्यावर फुटण्याची भीती. म्हणून आयोजक सरकारच्या तोंडाकडे बघतात, सरकार आरोग्य अधिकाऱ्यांच्या, फॉर्म्युला वन संघांच्या आणि संघ एकमेकांच्या. 'पहिले आप, पहिले आप' चालू. एवढ्या वेळात तिकीट काढलेला माणूस ट्रॅममध्ये बसून गेटपाशी येतो. त्याचं तोंड बघायला कुणीच नाही.

आणि मोटरस्पोर्टच्या बाबतीत हे जास्त संतापजनक आहे, कारण बाकी खेळांना मैदान लागतं, यांना अख्खं इस्पितळ लागतं. वैद्यकीय पथक, रुग्णवाहिका, हेलिकॉप्टर, जखमी ड्रायव्हरसाठी आधीच सज्ज ठेवलेलं रुग्णालय. हे नसेल तर गाडी ट्रॅकवर उतरूच शकत नाही. हे डॉक्टर काय शर्यतीसोबत पेटाऱ्यातून येतात? शहरातलेच असतात. ज्या आठवड्यात शहराचे दवाखाने साथीची तयारी करतायत, त्याच आठवड्यात तुम्ही त्यांची माणसं ट्रॅकच्या कडेला उभी करता!

आइल ऑफ मॅनला हे बरोबर कळलं. तिथली टीटी ही शर्यत म्हणजे मोटरसायकलवाल्यांची काशी, आणि बेट केवढं? ८५ हजारांच्या आसपास वस्ती. शर्यती मे महिन्याच्या अखेरीपासून व्हायच्या होत्या. १६ मार्चला सांगून मोकळे, यंदा नाही. मोनॅको, जिथे १९५५पासून एकही वर्ष खंड पडला नव्हता, त्यांनी १९ मार्चला मे महिन्यातली शर्यत रद्द केली. ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीनं जूनमधून सप्टेंबरात मुक्काम हलवला. सगळ्यांना जमलं. फार लांब कशाला जाता, आमच्याकडे वारी आहे. शेकडो वर्षांची, लाखो माणसांची, जिच्यासाठी कुणी तिकीट काढत नाही आणि जी थांबवणं म्हणजे काय हे महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला समजावणंही कठीण. २०२०मध्ये महिनाभर आधी ठरलं: पायी वारी नाही. आषाढीच्या आदल्या दिवशी पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांच्या काळजाला घरं पडली, पण आळंदीच्या वेशीवर उभं करून कुणी कुणाला परत पाठवलं नाही. आणि हे म्हणे जगातले सर्वांत वेगवान निर्णय घेणारे लोक! दोन सेकंदांत चार चाकं बदलतात!

वेग असतो हो त्यांच्याकडे, तेच तर दुखणं आहे. त्याच मार्चमध्ये मर्सिडीजच्या इंजिनवाल्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजबरोबर बसून श्वसनाला मदत करणारं सीपॅप यंत्र उभं केलं. पहिल्या बैठकीपासून पहिलं यंत्र हातात यायला १०० तासही लागले नाहीत, आणि पुढे अशी १० हजार यंत्रं बनली. त्या इंजिनिअरांना माझा साष्टांग नमस्कार. पण मग मला सांगा, ज्या जगात १०० तासांत यंत्र बनतं, त्या जगात 'येऊ नका' एवढे दोन शब्द उच्चारायला महिना का पुरत नाही?

पुढच्या वर्षी याच अल्बर्ट पार्कची शर्यत आधी मार्चमधून नोव्हेंबरात गेली आणि ६ जुलै २०२१ला रद्द झाली, चार महिने आधी. मी वैतागलो? वैतागलो. पण कुणाचं विमानाचं तिकीट वाया गेलं नाही.

२०२०ला गेलं. शर्यतीच्या तिकिटांचे पैसे परत मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यासाठी केलेल्या बाकी खर्चाचं काय? आमच्यातला एक जण खास त्या शनिवार-रविवारसाठी पुण्याहून गेला होता. शर्यत गेली, मग इकडे एकेक देशाचे दरवाजे बंद व्हायला लागले म्हणून घाबरून त्यानं दुसऱ्याच कंपनीचं महागडं तिकीट काढून घर गाठलं, आणि २२ मार्चपासून भारतात आंतरराष्ट्रीय विमानं उतरणं बंद. जुन्या परतीच्या तिकिटाचे पैसे मागितले तर त्या विमान कंपनीनं व्हाउचर पाठवलं. मुदत एक वर्ष. दुसऱ्याच्या नावावर चालणार नाही. ऑस्ट्रेलियानं पर्यटकांसाठी दार उघडलं २१ फेब्रुवारी २०२२ला. त्यानं मुदत वाढवून मागितली, तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही आम्हाला आधी कळवायला हवं होतं."