पोराने प्रश्न विचारला की बापाला निरोप का जातो?

‘हल्लीच्या पोरांना गावाशी काही देणंघेणं नाही, सारखी मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसतात.’ हे वाक्य कानावर पडलं की डोकं सणकतं. बोलतं कोण हे? ग्रामसभेत विशीतला पोरगा उठून उभा राहिला की ‘तू कोणाचा रे?’ असं दरडावून विचारणारेच.

आमच्या सभेत एकाने विचारलं की पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणारा निधी, गेल्या वर्षी किती आले आणि कशावर गेले. बस, एवढंच. कागद समोर असेल तर दोन मिनिटांत उत्तर देता येतं. उत्तराऐवजी त्याच्या बापाचं नाव निघालं, भावकी निघाली, बाप मागच्या निवडणुकीत कोणत्या गटाकडून फिरला तेही निघालं. संध्याकाळी बापाला निरोप गेला, ‘पोराला जरा समज द्या, उगाच नादी लागलाय कुणाच्या तरी.’ बापाला उद्या दाखला लागतो, नळजोडणी लागते, घरकुलाच्या यादीत नाव लागतं. त्याने पोराला गप्प बसवलं. त्यानंतर तो पोरगा सभेला आलेला नाही, आणि आता तेच लोक सांगत फिरतात की पोरं सभेला येतच नाहीत!

अरे, ग्रामसभेचं सभासद व्हायला कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही. गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावं, ते सगळे मिळून ग्रामसभा, असं संविधानाच्या अनुच्छेद 243 मध्ये लिहिलंय. मतदानाचं वय 1989 मध्ये 21 वरून 18 वर आलं. ग्रामसभेला संविधानात जागा देणारी 73 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. आज सभेत जो अठरा वर्षांचा उभा आहे, त्याच्या जन्माच्या आधीपासूनचा हा हक्क आहे. पंचायतीची निवडणूक लढवायला 21 पूर्ण लागतात, सभेत बोलायला 18 पुरतात. ‘तू अजून लहान आहेस’ हे कोणत्या कलमात बसतं ते एकदा दाखवा.

बरं, सभा भरते कधी? कामाच्या दिवशी सकाळी अकराला. कॉलेजची पोरं एसटीत, कंपनीत जाणारी पहिल्या पाळीला. नोटीस सात दिवस आधी द्यायची असते, ती आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडते. कोरमला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 माणसं लागतात, यातला जो आकडा कमी असेल तो. तेवढी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही! मग दहा-बारा डोकी बसतात आणि सगळे विषय एका दमात मंजूर होतात. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. पुढे हजेरीचं रजिस्टर घरोघर फिरतं. ‘इथं सही कर.’ पानाचा वरचा भाग कोरा, खाली सह्यांची रांग. काय ठराव झाला विचारलं तर ‘ते भाऊसाहेब नंतर लिहितील’. भाऊसाहेब म्हणजे पंचायतीचे सचिव. या सह्या सगळ्यात जास्त कुणाच्या घेतात? आमच्याच, पोरांच्या. बोलायला आम्ही लहान आणि सहीपुरते मोठे.

विकास आराखड्याचं तर बोलायलाच नको. ‘आमचा गाव, आमचा विकास’ म्हणून तो दरवर्षी ग्रामसभेतून तयार व्हायला हवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या त्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेला 40 टक्के गावाने गरज बघून ठरवायचा होता. त्या चाळीस टक्क्यांसाठी पोरांनी अभ्यासिका मागितली होती, फाट्यापासून गावापर्यंत दिवे मागितले होते, कारण संध्याकाळच्या एसटीने मुली अंधारात चालत येतात. मागणी लेखी दिली होती. मग ज्या मोबाईलला नावं ठेवता त्याच मोबाईलवर पोरांनी ई-ग्रामस्वराजचं पोर्टल उघडलं, पंचायतींचे आराखडे दाखवणारं सरकारी संकेतस्थळ. आराखडा आधीच चढवलेला. पेव्हर ब्लॉक, पुन्हा पेव्हर ब्लॉक, आणि अंतर्गत रस्ता दुरुस्ती. हे ठरलं कुठे? ग्रामसभेत तर नक्कीच नाही, आदल्या रात्री कुणाच्या तरी ओसरीवर ठरलं.

मुलींचं काय सांगू! ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती रजिस्टरात होते. दिव्यांचा विषय एका मुलीने सभेत काढला तर एक जाणता माणूस म्हणाला, ‘तू उद्या लग्न होऊन जाशील, तुला कशाला हव्यात गावाच्या उठाठेवी?’ आणि समोरची माणसं हसली. तिच्या अर्जाची नोंदसुद्धा घेतली नाही. लग्न होऊन जाईल तिथे तिला ‘तू कालची आलेली’ म्हणतील. मग तिने बोलायचं तरी कुठल्या गावात?

निवडणूक लागली की मात्र हीच पोरं हवीत. रात्रभर बॅनर बांधायला, बूथवर बसायला, गाड्या पळवायला, स्टेटस ठेवायला. तेव्हा आम्ही युवाशक्ती. निकाल लागला की सत्काराच्या खुर्च्या लावायला आम्ही, आणि ठराव करायला ते.

शहरात तरी काय वेगळं आहे? मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, नंतर थेट जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक. निवडणुका घ्या, हे सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये सांगावं लागलं. 2022 ला अठरा पूर्ण झालेल्याची पदवी संपत आली तरी त्याला आपला नगरसेवक निवडता आला नव्हता.

हे सगळं असंच चालायचं, असं मला कुणी सांगू नये. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात अभ्यासगट बसतात, विषयाचा कीस पाडतात, ग्रामसभेत सर्वसहमती झाल्याशिवाय निर्णय होत नाही. त्याच ग्रामसभेने 2009 मध्ये गावाच्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तिथली माणसं काही आभाळातून पडलेली नाहीत.

आमची मागणी फार मोठी नाही. सभा संध्याकाळी घ्या. मागच्या सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, सुरुवातीलाच मोठ्याने वाचा. जमाखर्च पंचायतीच्या भिंतीवर लावा. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आणि प्रश्न दोन्ही लिहून घ्या. प्रोसिडिंगची नक्कल आम्ही रीतसर मागितली, तर ‘साहेब आले की बघू’ एवढंच उत्तर. साहेब येतात, जातात, नक्कल काही मिळत नाही. म्हणून आता माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. कोऱ्या पानावर ज्यांच्या ज्यांच्या सह्या घेतल्या, त्या प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज जाणार आहे, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रत्येकाचं स्वतंत्र अपीलही.