वास येणे, वास ओळखणे, वास आवडणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘शरीराचे वजन आणि नाक’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनतीनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : ‘वजन जितके जास्त तितके नाक बोथट’ हे वाक्य आपल्याला अपमानास्पद वाटले, आपले वजन भरपूर असूनही घरात गॅस गळत असल्याचे सर्वांत आधी आपल्यालाच कळते, वास न येणारे उंदीर बारीक झाले असेही मी त्याच लेखात लिहिले आहे, तेव्हा नाक गेल्याने प्राणी जाड होतो की बारीक, हे मी आधी ठरवावे, आणि ऐंशी उलटलेल्या आपल्या वडिलांना वास येत नाही, तरी ते वाळतच चालले आहेत, ते माझ्या सिद्धान्तात कुठे बसतात?

त्या वाक्याबद्दल मी माघार घेतो. शेकडो लोकांच्या सरासरीत दिसणारा कल मी एकेका माणसाचा गुणधर्म असल्यासारखा सांगितला, आणि तोही म्हणीच्या ठसक्यात. सरासरीत फरक आढळला तरी जाड आणि सडपातळ माणसांचे वासाच्या चाचणीतले गुण एकमेकांत बरेच मिसळलेले असतात, त्यामुळे वजनकाट्यावरून कोणाच्या नाकाचे भाकीत करता येत नाही. ते वाक्य मी लेखातून काढले आहे.

त्याहून मोठी चूक मात्र आपल्या नजरेतून सुटली आहे, ती मीच सांगतो. वास येणे, वास ओळखणे आणि वास आवडणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि मी तिन्हींना सरसकट ‘घ्राणशक्ती’ म्हणून मोकळा झालो.

घ्राणशक्ती मोजतात कशी, हे मी एकदा स्वतःवरच करून घेतले आहे. १९९० च्या दशकात जर्मनीत तयार झालेला ‘स्निफिन स्टिक्स’ नावाचा संच यासाठी वापरतात. दिसायला त्या जाड रेखाटणीच्या पेनांसारख्या असतात, फक्त आत शाईऐवजी गंधद्रव्य असते. डोळ्यांवर पट्टी बांधली जाते, टोपण काढल्याचा बारीक आवाज येतो आणि पेनाचे टोक नाकपुड्यांपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर सुमारे तीन सेकंद धरले जाते. असे एकामागून एक तीन पेन. त्यांतल्या एकातच गंध असतो, तो कोणत्यात ते सांगायचे. सुरुवात सर्वांत विरल द्रावणापासून होते, म्हणून पहिली काही मिनिटे मी निव्वळ अंदाजाने बोलत होतो. एका टप्प्यावर गंध आला असे म्हणण्याइतकाही तो आला नव्हता, फक्त दुसरा पेन पहिल्यासारखा नव्हता एवढे जाणवले, आणि उत्तर बरोबर निघाले. ही झाली उंबरठ्याची चाचणी, म्हणजे ‘वास येणे’. त्यानंतर दोन गंधांतला फरक ओळखण्याची आणि शेवटी चार पर्यायांतून गंधाचे नाव सांगण्याची चाचणी होते. प्रत्येकीचे १६, असे एकूण ४८ गुण. नावे सांगताना मी चांगलाच अडखळलो, कारण तिथे नाकाइतकीच स्मरणशक्ती आणि शब्दसंपत्ती पणाला लागते.

आता आपल्या गॅसकडे वळतो. इंधनाच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन वर्गातले द्रव्य मुद्दाम मिसळतात आणि ते अशासाठी निवडलेले असते, की हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे काही भाग इतके असले तरी सामान्य नाकाला कळावे. तो वास आपल्याला आला म्हणजे आपले नाक काम करते हे निश्चित. पण सूक्ष्म फरक मोजायला ही मोजपट्टी फार ढोबळ आहे. घरात सर्वांत आधी आपल्यालाच कळते, यात आपण त्या वेळी कुठे असता याचाही वाटा असणार.

आपल्या बाजूने बोलणारा याहून चांगला पुरावा मी मूळ लेखात गाळला होता. पोर्टस्मथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्थूल व्यक्ती चॉकलेटच्या वासाबाबत इतरांपेक्षा अधिक संवेदनशील आढळल्या, आणि तो वास त्यांना अधिक आवडलाही. प्रयोग लहान होता, त्यावर इमले बांधू नयेत; पण खाण्याच्या वासाला तल्लख असलेले नाक इतर वासांना तसेच असेल असे नाही, हे त्यातून दिसते. (मराठीत नुसता ‘वास’ म्हटला की तो बहुधा वाईटच असतो, चांगल्यासाठी ‘सुवास’ म्हणावे लागते, आवडीनिवडीचा प्रश्न भाषेतच मुरलेला आहे.)

उंदरांच्या बाबतीतला विरोधाभास खरा नाही, पण तो भासावा असे मी लिहिले, हे मान्य. ते दोन वेगळे प्रयोग आहेत आणि दोघांत कारण व परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत अँड्र्यू डिलिन आणि सेलिन रिएरा यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांच्या नाकातील गंधग्राही चेतापेशी मुद्दाम नष्ट केल्या होत्या. पुढे सर्वांना सारखाच स्निग्ध आहार दिला, तेव्हा साधे उंदीर ६० ग्रॅमच्या आसपास पोचले आणि वास न येणारे सुमारे ३३ ग्रॅमवरच राहिले. गंमत म्हणजे फरक खाण्यात नव्हता, जाळण्यात होता : मज्जातंतूंकडून जाणाऱ्या संदेशांनी त्यांची तपकिरी चरबी, जी उष्णता निर्माण करते, जास्त कार्यरत झाली होती. उलट ज्या उंदरांचे नाक जनुकीय बदलाने अधिक तल्लख केले ते जास्त जाड झाले. याचा अर्थ नाक बंद करावे असा कोणी काढू नये, कारण वास न येणाऱ्या त्या उंदरांच्या शरीरात नॉरॲड्रेनॅलिन या ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण वाढले होते आणि ते हृदयाला मानवणारे नाही.

दुसऱ्या प्रयोगात आधी आहार बदलला आणि मग नाक. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात डेब्रा फाडूल यांच्या गटाने उंदरांना सहा महिने चरबीयुक्त आहार दिला, तेव्हा गंधाचे संदेश वाहणाऱ्या चेतापेशी जवळपास निम्म्या उरल्या आणि वासाशी बक्षिसाची सांगड घालायला ते उंदीर मंदावले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत मला सर्वांत खटकलेली बाब अशी, की नंतर आहार सुधारून वजन पूर्ववत झाले तरी त्या पेशी परत आल्या नाहीत. म्हणजे तिथे दोष वजनाच्या आकड्यात नव्हता, आहारात होता. आणि ‘वजन आणि नाक’ असे शीर्षक देणाऱ्या मला हे तेव्हाच उमजायला हवे होते.

यातले माणसाला किती लागू करावे, याबाबत मी आता अधिक सावध आहे. उंदराला गंधग्राहकांची हजाराच्या घरातली जनुके असतात, आपल्याकडे कामाची सुमारे ४०० उरली आहेत, आणि उंदराचा अवघा संसार नाकावर चालतो. माणसांवरील अभ्यासांचा न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली आढावा घेतला, त्यात वाढत्या वजनाबरोबर घ्राणशक्ती घटते असा कल दिसला, आणि जठराचा मोठा भाग काढून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर ती सुधारते असेही. इथे माझे घोडे अडते. जठराच्या त्याच भागात भुकेचे संप्रेरक घ्रेलिन मुख्यत्वे तयार होते, आणि घ्रेलिन वाढले की हुंगणे वाढते असे आढळले आहे. मग घ्रेलिन घटल्यावर नाक सुधारावे कसे? बहुधा जठर आणि मेंदू यांच्यातील मज्जातंतूंचा मार्ग, इन्सुलिन आणि पोट भरल्याची जाणीव देणारे संप्रेरक लेप्टिन हे सारे एकाच वेळी बदलत असावे, आणि एका संप्रेरकावर सगळा भार टाकणारे मूळ लेखातले माझे स्पष्टीकरण तोकडे होते.

राहिले आपले वडील. ते कोणत्याही सिद्धान्ताला अपवाद नाहीत, कारण नाक गेल्यावर माणसाचे वजन एकाच दिशेने जात नाही. नाक चिमटीत धरून फळाच्या स्वादाची गोळी तोंडात टाकली तर नुसती गोडी लागते, आणि चिमूट सोडताच घशामागून नाकात गेलेल्या गंधाने फळ कळते. हा गंध कायमचा गेला की काही जण साखर, मीठ, तेल वाढवून त्याची भरपाई करतात आणि जाड होतात, तर काहींची खाण्यावरची वासनाच उडते. उतारवयात दुसरा प्रकार सहज घडतो.

मात्र त्यांच्या बाबतीत मी एवढ्यावर थांबणार नाही. अमेरिकेत ७१ ते ८२ वर्षे वयाच्या २,२८९ व्यक्तींवरचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात घ्राणशक्ती कमी असलेल्यांमध्ये पुढील १० वर्षांतले मृत्यू अधिक आढळले. त्यातला वजन घटण्याचा वाटा थोडा होता, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंशासारख्या आजारांचा त्याहून जास्त. आपल्याला घाबरवावे असा हेतू नाही, कारण म्हातारपणी बहुतेकांची घ्राणशक्ती काही अंशी कमी होतेच. पण वास जाणे आणि वजन घटणे या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत, तेव्हा त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांना आणि नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावे; आणि जाताना एवढे आठवून ठेवावे, की वास एखाद्या तापासर्दीनंतर एकदम गेला की हळूहळू, आणि जेवण त्याआधी कमी झाले होते की नंतर.