पुढे 43, मागे 39

जीप मी विकत घेतली नाही. गणपतीच्या वर्गणीसारखी दारोदार फिरून गोळा केली. चासी आणि पुढचा एक्सल निपाणीत, एका तंबाखूच्या वखारीमागं मिळाला. मागचा एक्सल चंदगडचा. बॉनेट बेळगावच्या उद्यमबागेत एका भंगारवाल्याकडं होतं, पण त्यात त्याची मांजर व्याली होती, म्हणून पिल्लांचं बारसं होईपर्यंत थांबावं लागलं.

बॉनेट सीजे-थ्री-बी या विलीज कंपनीच्या जीपचं, म्हणून उंच. विलीजनं या मॉडेलात आधीपेक्षा उंच हरिकेन इंजिन घातलं आणि ते झाकायला बॉनेट वर उचललं. माझ्याकडं नुसतं बॉनेट, आत काही नाही. "मालकावर गेलीय," आमची ही म्हणाली.

शेवटी आत महिंद्राच्या एमएम 540 जीपचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन बसलं. पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवशी शेजारच्या काकू गिरणी आली समजून जोंधळ्याचा डबा घेऊन आल्या. कागदपत्रांबद्दल लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

या सगळ्याला चौदा महिने लागले. मेस्त्री मला "होतंय की ओ सर, उद्या या" म्हणायचे आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला तेच कानडीत, "नाळी बर्री". सीमाभागात दोन्ही भाषांना समान न्याय मिळाल्याचं मी एवढ्या एकाच ठिकाणी पाहिलं.

जुलैत जीप जांबोटीच्या वाटेला काढली. एका शेताच्या चिखलात घालून फ्रंट गिअर टाकला, म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर दिला. काय पळाली म्हणता! मग डांबरावर आलो आणि टायर किंचाळायला लागले. फ्रंट गिअर काढायला गेलो तर लिव्हर जागची हलेना. मेस्त्रींना फोन केला. "रिव्हर्स घ्या सर, ताण उतरतोय." भर पावसात मी उलटा निघालो. खोळ पांघरलेली एक आजी थांबून बघत होती. म्हणाली, "लेका, तोंड तिकडं करून बस की! मान तरी दुखायची नाही."

गॅरेजात दोन्ही एक्सल उघडून मेस्त्रींनी क्राउनचे, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चक्राचे, दात मोजले. पुढे 43, मागे 39. त्याला फिरवणारं छोटं चक्र, पिनियन, दोन्हीकडं आठ दातांचं. म्हणजे पुढचा 5.38 चा, मागचा 4.88 चा: शाफ्टचे तेवढे फेरे झाले की चाकाचा एक. शाफ्ट एकाच वेगानं फिरवतो, पण मागची चाकं पुढं ढकलतात आणि पुढची धरून ठेवतात. चिखलात टायर घसरतात आणि भांडण मिटतं. डांबरावर कोण मिटवणार?

बघायला जमलेल्यांतल्या एकानं लगेच सीमाप्रश्न काढला. "2004 पासून सुप्रीम कोर्टात पडलाय. तिथं पण कुणीतरी दात मोजायला पाहिजेत बघा."

43 दातांचा मागचा एक्सल संकेश्वरात असल्याचं कळलं. फोन लावला.

"एक्सल सुटा देत नाही ओ. घ्यायची तर अख्खी जीप घ्या."

मी जरा वेळ गप्प बसलो. स्वयंपाकघराकडं एकदा बघितलं. मग हळूच विचारलं, "बॉनेटात मांजर नाही ना?"