अंगणातला कॅमेरा आणि आईचा पदर

गेल्या हंगामात चांगला दर मिळायची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवला होता. गावात दोन-तीन चोऱ्या झाल्या, तेव्हा पुण्याच्या दादानं वायफायचा कॅमेरा पाठवला अन् तालुक्याच्या दुकानातल्या पोरानं तो ओसरीच्या खांबावर बसवून दिला. मलाही बरं वाटलं. रात्री कोठ्यात बैल हंबरला तर अंथरुणातूनच मोबाईलवर दिसायचं.

महिनाभरानं लक्षात आलं, आई अंगणात पाय ठेवला की डोक्यावर पदर घेते. आजोबा ओसरीवर बसायचे तेव्हा घ्यायची, अगदी तसाच. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. दुपारी बाजेवर केस मोकळे सोडून बसणं बंद. तूर निवडायची तीही घरामागच्या सांदवाडीत. विचारलं तर म्हणाली, "कोनी पाहून राह्यलं असन तं, बाबू?" न्हाणीतून घरात यायची वाट कॅमेऱ्यासमोरूनच होती. मला ते महिनाभर सुचलं नाही, तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

एकदा शेजारची काकू लेकीच्या सासरचं काही सांगत होती, तेवढ्यात कॅमेऱ्यातून दादाचा आवाज आला, "आई, बीपीची गोळी घेतली का?" त्याच्या मनात काळजीच होती. पण काकू उठून गेली, ती त्या अंगणात पुन्हा बसली नाही.

मग ॲपमध्ये शिरून पाहिलं, तर खातंच त्या दुकानातल्या पोराच्या नंबरवर! आमचं अंगण इतके दिवस त्याच्याही मोबाईलमध्ये होतं. त्यानं पाहिलं की नाही, माहीत नाही. पाहू शकत होता, यानंच माझी झोप उडाली. अमेरिकेत घरगुती कॅमेरे विकणाऱ्या ॲमेझॉनच्या रिंग कंपनीवर २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेनं, असाच आरोप ठेवला, की कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या घरातलं खासगी चित्रण पाहता येत होतं. ५८ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटलं.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. पण कोणी स्वतःच्या घरगुती कामासाठी माहिती वापरली तर तो कायदा लागू होत नाही. म्हणजे दादा आणि आईच्या मधे तो येणार नाही. तिथं आम्हीच तिला विचारायला हवं होतं. दोघांनीही विचारलं नाही.

कॅमेरे काढून टाका असं मी म्हणत नाही. वर्षाची मेहनत एका रात्रीत जाते, ते दुःख शेतकऱ्याला सांगायला नको. पण ज्या बाईचा अख्खा दिवस त्या अंगणात जातो, तिच्या होकाराशिवाय खांबाला खिळा ठोकू नका.

आम्ही कॅमेरा रिसेट केला, खातं माझ्या नंबरवर घेतलं, पासवर्ड बदलला, माइक बंद केला. चित्रण क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर, साठवणं सोडून कॅमेऱ्यातच मेमरी कार्ड टाकलं. चोरानं कॅमेराच नेला तर कार्डही जाईल, हे पत्करलं. मग मोबाईल आईच्या हातात दिला अन् मी शिडीवर चढलो. तिनं दोनदा "अजून तिकडं" म्हटलं. आता फाटक, कोठा अन् कापसाच्या खोलीचं दार दिसतं. न्हाणी, चूल, बाज दिसत नाही.

दादा जरा नाराज झाला, आई दिसत नाही म्हणाला. आता तो रोज संध्याकाळी तिला फोन करतो.