कुत्र्याला कुत्राच राहू द्या

महाभारताच्या शेवटाकडचा एक प्रसंग मला शाळेत असल्यापासून खटकतो. आज त्याबद्दल सविस्तर लिहिते.

महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांच्या मागे हस्तिनापुरातूनच एक कुत्रा लागतो. कुणी बोलावलेला नाही, कुणाच्या मालकीचा नाही. वाटेत आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. कुत्रा चालतच राहतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि युधिष्ठिराला म्हणतो, तू चल, पण ते कुत्रं इथेच सोड. युधिष्ठिर ठाम नकार देतो. मग इंद्र वर्मावर बोट ठेवतो: भावांना सोडलंस, बायकोला सोडलंस, मग कुत्र्याचाच एवढा लोभ का? यावरचं युधिष्ठिराचं उत्तर मी कितीदा वाचलं तरी अंगावर काटा येतो. ते मेले होते, मेलेल्यांना परत आणणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हा जिवंत आहे. जो विश्वासानं बरोबर आला त्याला टाकणं म्हणजे मित्रद्रोहाइतकंच पाप.

कथा इथे थांबायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. पण पुढच्याच क्षणी कुत्र्याच्या जागी साक्षात धर्म उभा राहतो, युधिष्ठिराची पाठ थोपटतो, आणि कळतं की ही परीक्षा होती. म्हणजे एवढी वाट तुडवत आलेला, थंडीत कुडकुडलेला कुत्रा मुळात नव्हताच! मग युधिष्ठिरानं सोबत कुणाची केली? आणि त्याला सोबत कुणी केली?

गंमत बघा, याच ग्रंथाच्या सुरुवातीला कुत्र्याला पूर्ण न्याय आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाजवळ सरमा नावाच्या कुत्रीचं पिल्लू येतं आणि राजाचे भाऊ त्याला बडवतात. ते रडत आईकडे जातं. सरमा थेट यज्ञमंडपात येऊन विचारते, माझ्या पोरानं हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, त्याला तोंडही लावलं नाही, मग मारलंत कशासाठी? कुणाकडेच उत्तर नसतं. ती शाप देते आणि राजा घाबरतो. तिथे कुणी कुणाचं रूप घेतलेलं नाही. एक आई आहे, मार खाल्लेलं पोर आहे आणि निरुत्तर झालेले राजपुत्र आहेत. व्यासांना हे साधता येत होतं, म्हणूनच शेवटी हळहळ वाटते.

माझं म्हणणं असं आहे की आपल्या परंपरेत कुत्र्याला फार वेळ कुत्रा म्हणून राहता येत नाही. एक तर त्याचा देव होतो, नाहीतर शिवी. नामदेवांची पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावतात, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ही महाराष्ट्रातली सगळ्यात कोवळी गोष्ट आहे, आणि तिच्यातही शेवटी कुत्र्यात विठ्ठल दिसतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, ते चार वेद. दुसऱ्या टोकाला 'कुत्र्याच्या मौतीनं मेला' आणि 'कुत्रं हाल खाणार नाही'. देवघर आणि गटार, दोन्ही ठिकाणी जागा आहे. उंबऱ्यावर बसून नुसतं आपल्याकडे बघणाऱ्या कुत्र्याला जागा नाही.

या दुसऱ्या टोकाबद्दल घाईनं बोलता येत नाही. १४ ऑगस्ट १९३१ रोजी आपल्याच मुंबईत, गावदेवीच्या मणिभवनात, डॉ. आंबेडकर गांधीजींना भेटले. जिथे आम्हाला कुत्र्यामांजरांपेक्षा वाईट वागवलं जातं, जिथे प्यायला पाणी मिळत नाही, त्या भूमीला मी माझी मायभूमी आणि त्या धर्माला माझा धर्म कसा म्हणू, असा त्यांचा सवाल होता. त्याआधी चार वर्षं महाडच्या तळ्याचा सत्याग्रह झाला होता. त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. ज्यांच्या घरात ही आठवण आहे त्यांच्यासमोर 'कुत्रा माणसाचा सच्चा मित्र' वगैरे कौतुक करताना जपून बोलावं, असं मला वाटतं. कुत्र्यावरची माया खरी असेल तर ती माणसाला पाणी नाकारणाऱ्या घरात राहूच शकत नाही. नामदेवांच्या गोष्टीत तुपाची वाटी आहे खरी, पण त्याच पंढरपुरात चोखोबा देवळाबाहेर होते. या दोन गोष्टी मी एकमेकींपासून वेगळ्या वाचू शकत नाही.

या सगळ्यातून वाट काढली ती अरुण कोलटकरांनी. २००४ साली आलेल्या त्यांच्या 'काळा घोडा पोएम्स' या इंग्रजी संग्रहाची सुरुवातच एका गावठी कुत्र्यापासून होते. मुंबईतल्या काळा घोडा भागातल्या ट्रॅफिक आयलंडवर, गाड्या सुरू व्हायच्या आधी, ते पडलेलं आहे आणि स्वतःबद्दल सांगतं आहे. जुन्या चर्मपत्राच्या रंगाच्या अंगावर काळे ठिपके, म्हणजे सात बेटं अजून जोडली न गेलेल्या मुंबईचा सतराव्या शतकातला नकाशा! आईकडून आपलं घराणं सर बार्टल फ्रिअरनं १८६४ मध्ये विलायतेहून आणवलेल्या तीस शिकारी कुत्र्यांपर्यंत जातं, असं ते सांगतं. आणि बापाकडून? थेट युधिष्ठिराबरोबर गेलेल्या कुत्र्यापर्यंत.

इथे कोलटकरांनी काय केलंय ते बघा. त्यांच्या कवितेतही पांडव एकेक करून पडतात, विमान येतं, युधिष्ठिर कुत्र्याशिवाय पाय टाकत नाही. पण धर्म प्रकट होत नाही! कुत्रा कुत्राच राहतो आणि तसाच स्वर्गात जातो. जो शेवटी देव निघाला त्याची वंशावळ काळ्या घोड्यापर्यंत येणार कशी? ती यायची तर तो हाडामांसाचा कुत्राच असायला हवा. शेवटाची दुरुस्ती केली आहे असं कुठेही न म्हणता कवीनं ती करून टाकली. जेजुरीवरच्या कवितांमध्येही पडक्या देवळात पिल्लं घेऊन राहिलेली एक कुत्री आहे. कोलटकर तिला देवीबिवी करत नाहीत. देऊळ कोसळलेलं, पिल्लं बागडतायत, आणि ती जागा पूर्वीपेक्षा जास्त देवाची वाटते.

मुंबईत हे लिहिलं जावं याचं मला नवल वाटत नाही. जून १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला, लष्कर बोलवावं लागलं. पारशांच्या अंत्यविधीत 'सगदीद' असतं, म्हणजे मृतदेहावर कुत्र्याची नजर पडू देतात. त्यासाठी जुन्या ग्रंथांत 'चार डोळ्यांचा' कुत्रा सांगितलाय, म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असलेला. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाची जी दोन कुत्री आहेत, सरमेचे मुलगे, तीही चार डोळ्यांचीच! इराणातून आलेले आणि इथले, दोघांनीही शेवटच्या वाटेवर कुत्राच बरोबर दिला. सगदीदमध्ये मला आवडतं ते हे की कुत्र्याला कुणी देव करत नाही. हवी असते ती त्याची नजर, त्याचं स्वतःचं काम. हिमालयातल्या त्या कुत्र्याकडेही असं बघता आलं असतं.

उर्दू कथाकार सआदत हसन मंटोनं हे दुखणं नेमकं पकडलं होतं. १९४८ च्या सुरुवातीला तो मुंबई सोडून लाहोरला गेला आणि पुढे त्यानं 'टेटवाल का कुत्ता' लिहिली. सीमेवर दोन्हीकडच्या चौक्यांमध्ये एक कुत्रा बिस्किटाच्या आशेनं येतो-जातो. इकडचे त्याच्या गळ्यात नाव लिहून बांधतात, तिकडचे दुसरं नाव बांधतात. मग दोन्हीकडून गोळ्या सुटतात आणि तो मधल्या मध्ये मरतो. एका बाजूचा म्हणतो, बिचारा शहीद झाला. दुसऱ्या बाजूचा म्हणतो, कुत्र्याची मौत मेला. देवघर आणि गटार, पुन्हा तेच. त्याला फक्त शेपूट हलवायचं होतं, हे दोघांनाही दिसत नाही, वाचणाऱ्याला दिसतं.

आणि प्रेमचंदांचा जबरा. 'पूस की रात' मधला हल्कू इतका गरीब की कांबळ्याचे पैसे सावकाराला गेले. शेतावर रात्री थंडीनं जीव जायची वेळ येते तेव्हा तो जबराला कुशीत ओढतो. कुत्र्याच्या अंगाला घाण वास येतोय, हे प्रेमचंद लपवत नाहीत. तरी हल्कूला त्या रात्री जे सुख मिळतं ते कित्येक दिवसांत मिळालेलं नसतं. पुढे नीलगायी शेत फस्त करतात. जबरा भुंकून भुंकून दमतो, हल्कू उठत नाही. कुत्र्यानं काही वाचवलं नाही, कुणाची परीक्षा घेतली नाही. दोन शरीरांची ऊब, बस. होमरच्या 'ओडिसी'तला आर्गोस हा कुत्रासुद्धा असाच. वीस वर्षं वाट पाहून उकिरड्यावर पडलेला, वेषांतर केलेल्या मालकाला तो ओळखतो, शेपूट हलवतो आणि मरतो. ओडिसियसला त्याला हातही लावता येत नाही, कारण ओळख फुटेल. तो डोळे पुसतो तेही लपवून.

माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. रात्रपाळीला निघाले की चाळीखालचा एक पिवळा कुत्रा त्यांच्याबरोबर गेटपर्यंत जायचा. तो आमचा नव्हता, चाळीतल्या कुणाचाच नव्हता. बाबांनी त्याला कधी कुरवाळल्याचं मी पाहिलं नाही. डब्यातली भाकरी मोडून टाकायचे, तीही न बोलता. १९८२ चा संप झाला, गेटवर जाणं संपलं. पण बरेच दिवस तो त्या वेळेला जिन्यापाशी येऊन उभा राहायचा आणि बाबा नुसते फेरी मारायला म्हणून खाली उतरायचे. संपात आमच्या घरात कोण काय बोललं ते मला फारसं आठवत नाही. ते दोघं आठवतात. त्यांच्यावर कुणी लिहिलं नाही. गिरणगावावर इतकं लिहिलं गेलं, पण तिसऱ्या पाळीच्या कामगारांबरोबर चालणारी ही कुत्री त्यात मला फार कमी भेटतात.

आज सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं चालतात ती याच दोन टोकांवरून. एकाला कुत्रा म्हणजे निष्पाप देवदूत, दुसऱ्याला रोगाचं घर. चावलेल्या मुलाच्या आईची भीती खरी आहे, रेबीज झाल्यावर जवळपास कुणी वाचत नाही, लस आणि नसबंदी वेळेवर व्हायलाच हवी. देवदूत म्हटल्यानं यातलं काहीच होत नाही. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात जखमी कुत्रं उचलून आणणारी साधी माणसं पाहा. त्यांच्या तोंडी देवाची भाषा नसते, टाके कधी काढायचे ते विचारतात.

मांजरांवर तर याहून मोठा अन्याय झाला आहे. पंचतंत्रातलं मांजर न्यायाधीश बनून ससा आणि कपिंजल पक्षी दोघांनाही खातं, हितोपदेशातलं दीर्घकर्ण म्हाताऱ्या गिधाडाला फसवतं, महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या शिल्पात तप करणारं मांजर आणि पुढ्यात उंदीर. शतकानुशतकं एकच भूमिका, ढोंगी बैरागी. शांतिपर्वातला लोमश मांजर आणि पलित उंदीर त्यातल्या त्यात बरे. गरजेपुरते मित्र होतात आणि गरज संपल्यावर उंदीर स्पष्ट सांगतो, आता लांबूनच बरं.

ज्याला मांजर दिसलं असा लेखक म्हणजे जपानचा नात्सुमे सोसेकी. १९०५ मध्ये त्यानं एका बिननावाच्या मांजराला निवेदक केलं आणि घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांकडे त्याच्या डोळ्यांनी पाहिलं. दुसरा ख्रिस्तोफर स्मार्ट. अठराव्या शतकात वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेल्या या कवीनं आपल्या जेफ्री नावाच्या मांजरावर ओळीमागून ओळी लिहिल्या. ते अंग कसं चाटतं, पंजे कसे तपासतं, उन्हाकडे कसं वळतं. जेफ्रीचं मांजरपण हीच त्याची प्रार्थना, असा त्या ओळींचा भाव आहे.

ससून डॉकवर पहाटे जा. लिलावाच्या गोंगाटात कोळणींच्या पाट्यांमागे मांजरं शांत बसलेली असतात, आपला वाटा येणार हे ठाऊक असल्यासारखी. मावशी शिवी देतात आणि त्याच हातानं माशाचं डोकं टाकतात. या नात्यावर मला एक अख्खी मराठी कादंबरी वाचायची आहे. कुत्रा किंवा मांजर सोबती म्हणून आलंय, रूपक म्हणून नव्हे, अशा मराठी कथा, कविता तुमच्या वाचनात असतील तर नावं सांगा. आगरी, कोळी, मालवणी बोलीतल्या असतील तर आधी त्या.