प्रार्थना जरूर करा, पण गोळ्या बंद करू नका

गेले दोन आठवडे नाशिकमधल्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. पहाटे तीनला उठा, येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सात वेळा म्हणा, असं २१ दिवस करा. या दिवसांत औषध घेऊ नका, कारण औषध म्हणजे देवावर अविश्वास. मागितलेलं मिळालं नाही तर तुमचा विश्वास कमी पडला. आणि हे ११ जणांना पाठवा, नाहीतर आशीर्वाद अडेल.

मला तो तीनदा आला, तिन्ही वेळा पुसून टाकला. तेव्हाच बोलायला हवं होतं. रविवारी उपासना झाल्यावर शरणपूरहून नाशिक रोडला मावशीकडे गेलो. टेबलावर तिचं बायबल होतं आणि मार्क ११ च्या पानात खूण म्हणून शुगरच्या गोळ्यांची पट्टी. दहाच्या दहा गोळ्या जागच्या जागी. तिचा नववा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तपासलं, शुगर ३१२. आणि मावशी मलाच समजावते, "माझाच विश्वास कुठेतरी कमी पडतोय रे बाळा."

औषधाचं आधी. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं पोट वारंवार बिघडायचं. पौलाने त्याला काय लिहिलं? नुसतं पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घेत जा (१ तीमथ्य ५:२३). त्या काळी पोटासाठी द्राक्षारस औषध म्हणूनही घेत. आपला सोबती त्रफिम याला तर पौल मिलेत शहरात आजारी सोडून पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०), त्याच्या विश्वासाबद्दल चकार शब्द काढला नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य, पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलजनांना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा असं आहे. औषध बंद करा असं कुठेही नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय उघडलं. ते मिशनरीच होते, प्रार्थनेवर जगणारे. औषध जर अविश्वास असेल तर या माणसाने आयुष्यभर काय केलं म्हणायचं?

आता ते विश्वास कमी पडल्याचं. मला सगळ्यात जास्त चीड याची आहे. आजारी माणसाच्या आजारावर अपराधाचं ओझं ठेवायचं आणि त्याला प्रभूचं नाव द्यायचं! हो, मार्क ११:२४ मध्ये आहे, प्रार्थना करून जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा. ते वचन मी लपवत नाही. देवाने बरं केलेली माणसं मीही पाहिली आहेत. पण त्याच मार्कात तीनच अध्याय पुढे जा, १४:३६. गेथशेमानेत येशू जमिनीवर पडून प्रार्थना करतोय. बापा, तुला सगळं शक्य आहे, असं तो म्हणतो. म्हणजे विश्वास पूर्ण आहे. हा प्याला माझ्यापासून दूर कर, असं मागतो. म्हणजे मागणंही स्पष्ट आहे. आणि मग म्हणतो, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे. शिष्य झोपलेले, तो पुन्हा जातो, पुन्हा तेच मागतो. प्याला टळला नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभ. येशूचा विश्वास कमी पडला असं म्हणायची हिंमत आहे का कोणाची? मग माझ्या मावशीला कशाच्या जोरावर म्हणता?

ती खूण मी मार्क ११ मधून काढली आणि १४ चं पान मावशीसमोर धरलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं. मग विचारलं, "मग मागायचं कशाला?"

प्रश्न खरा आहे. मत्तय ६ मध्ये येशू सांगतो की तुम्ही मागण्याआधीच तुमची गरज पित्याला माहीत आहे, आणि लगेच पुढच्या वचनात मागायला शिकवतो. मी मावशीला म्हटलं, शाळेतून आलो की मी दारातूनच "मावशी, भूक!" ओरडायचो. भाकरी आधीच तव्यावर असायची. तरी मी ओरडायचो आणि ते ऐकायला तू थांबलेली असायचीस. प्रभूच्या प्रार्थनेतही आधी बापाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा, आणि मग भाकर. तीही आजच्यापुरती. त्याच्याजवळ जायचं, पोटातलं सगळं बोलायचं, आणि तो देईल ते घ्यायला मन तयार व्हायचं, यासाठी प्रार्थना. पौलानेही शरीरातला काटा काढ म्हणून तीन वेळा विनवलं. काटा राहिला, मिळाली ती कृपा.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. पहाटे उठून प्रार्थना करणं चांगलंच, येशूही करायचा. चिकाटीने मागणंही बरोबर, लूक १८ मधली विधवा तेच करते. पण सात वेळा, २१ दिवस हा हिशोब त्याने घालून दिलेला नाही. उलट पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो असं समजू नका, हे मत्तय ६:७ मध्ये स्वच्छ सांगितलं आहे. ११ जणांना पाठवायचं तर बायबलमध्ये शोधूनही सापडणार नाही.

सोमवारी दुपारी डॉक्टरांना दाखवून आणलं, गोळ्या सुरू झाल्या. रात्री आम्ही दोघांनी प्रभूची प्रार्थना म्हटली, एकदाच, सावकाश. मग मावशीने वही काढली. तिने ज्या ११ जणींना मेसेज पाठवला होता त्यांची नावं लिहिली आणि फोन लावायला बसली. सात जणींशी बोलणं झालं. उरलेल्या चौघींपैकी एकीला बीपीच्या गोळ्या आहेत, आणि तिचा फोन कालपासून लागत नाही. उद्या सकाळी आम्ही तिच्या घरी जातोय.